मागच्या सीटचा विमा

"अजून एक दुकान बघू."

हा आवाज भाऊंच्या कानात लहानपणी शिरला आणि तिथेच भाडं न भरता राहिला. आवाज वडिलांचा, निमित्त कॅनव्हासच्या बुटांचं. वडील पुढे, भाऊ मागे, आणि बाजारातली दुकानं एकेक करून दोघांच्याही मागे पडत चाललेली. प्रत्येक दुकानात वडील बूट हातात घेत, तळवा वाकवून बघत, किंमत विचारत, आणि दुकानदाराचीच काळजी वाटावी अशा स्वरात म्हणत, "अजून एक दुकान बघू." ही बघणी इतकी कसून चालली की शेवटी सर्वांत स्वस्त बूट सापडले तेव्हा भाऊंचा पाय एका मापाने वाढला होता. वडिलांनी जुन्याच मापाचे घेतले. (भाव जुन्या मापाचा ठरला होता.)

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला मूलभूत फरक तुलना करण्याच्या शक्तीत आहे, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. गाय समोरचं गवत खाते. पलीकडच्या कुरणात तेच गवत काय भावाने पडतं याची ती चौकशी करत नाही. म्हणून गाय गाय राहिली आणि माणसाने विमा काढला. विमा काढणं ही सुधारणा खरी, पण तो दहा ठिकाणी विचारून काढणं ही संस्कृती. आपल्यावर कोसळणारं संकट शेजाऱ्यापेक्षा कमी हप्त्यात कोसळणार आहे, या जाणिवेने माणसाला जी झोप लागते ती औषधाने लागत नाही.

भाऊ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत. कुठल्या रस्त्याखालून किती जाडीचा नळ जातो, कुठे तो वाकतो, कुठे जुन्या गटाराला बिलगून झोपतो, हे सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं. जमिनीखालच्या गोष्टींत ते निर्धास्त असत. पंचाईत व्हायची ती जमिनीवर, समोर माणूस उभा राहिला की. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत वाक्य पूर्ण करणं भाऊंना कधी साधलं नाही. घरातही जेवताना ते आमटीकडे बघून बोलत आणि आमटीला जितकं कळावं तितकंच बोलत.

त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या गल्लीच्या वहिनी, एका दवाखान्याच्या औषधखिडकीत बसत. काचेला पाडलेल्या अर्धगोल भोकातून दिवसभर लोकांचे खोकले आणि कुरकुरी आत येत आणि वहिनींचं "जेवणानंतर, सकाळ-संध्याकाळ" बाहेर जाई. दवाखाना लांब होता आणि भाऊंच्या कचेरीच्या वाटेवर होता. त्यामुळे रोज सकाळी भाऊ मोटरसायकलवरून वहिनींना सोडत. घरापासून दवाखान्यापर्यंतचं ते अंतर हाच त्यांचा संसार होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण संसारात जे काही बोलणं झालं ते तिथे झालं, हे मात्र भाऊ शपथेवर सांगू शकले असते.

कारण गाडीवर समोर कुणी नसे. समोर रस्ता असे. कोवळं ऊन, मोकळी वाट, कडेच्या झाडांची सावली एक गेली की दुसरी अंगावर यायची, दुसरी गेली की तिसरी. भट्टीवरून जाताना ताज्या पावाचा वास, पुलावरून जाताना पाण्याचा गारवा. आणि पाठीला पाठीमागच्या माणसाची ऊब. अशा वेळी भाऊंच्या तोंडाला पाझर फुटे. कचेरीतल्या साहेबांची खोड, घराच्या भिंतीला कुठला रंग, थोरल्या बहिणीचे गुडघे, रात्री पडलेलं स्वप्न, म्हातारपणी कुठे राहावं, सगळं ते वाऱ्यासारखं बोलत सुटत. घरी वहिनी मिठापासून मतदानापर्यंत प्रत्येक गोष्टीत वेगळं मत देत. गाडीवर दोघांचं कायम एकमत होई. भाऊंना या गोष्टीचं नवल वाटे आणि त्याबद्दल ते मोटरसायकलचे मनोमन आभारी होते.

अशा त्या मोटरसायकलचा विमा संपला.

जुन्या कंपनीने नव्या वर्षाचा हप्ता कळवला. तो गेल्या वर्षीपेक्षा थोडासा जास्त होता. दोन कप चहा आणि चहाबरोबरचं बिस्किट, इतकाच. भाऊंच्या कानातल्या भाडेकरूने कूस बदलली. भाऊ म्हणाले, "जरा बघू." विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं बेकायदेशीर असल्यामुळे (भाऊ लाल दिव्याला सायकल ढकलत नेतानाही थांबत) गाडी दाराशी उभी राहिली, तिच्यावर कापड पडलं आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनी बसने आणि भाऊ सायकलने जाऊ लागले. स्वस्त विमा मिळताच सकाळची ती फेरी पूर्ववत सुरू होईल, असं भाऊंनी आमटीला सांगितलं.

स्वस्त विमा शोधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम संगणकावर अशी जागा शोधावी जिथे सर्व कंपन्यांचे दर एका रांगेत उभे केलेले असतात. ही सेवा पूर्णपणे मोफत असते. बदल्यात फक्त आपला फोन नंबर द्यावा लागतो. ज्या माणसाला वाटतं की या जगात आपली कुणाला पर्वा नाही, त्याने हा प्रयोग अवश्य करावा. नंबर दिल्यापासून भाऊंना आंघोळीच्या वेळी, साहेबांच्या खोलीत, न्हाव्याच्या खुर्चीत फोन येऊ लागले. अनोळखी माणसं त्यांची विचारपूस करू लागली. सख्ख्या भाच्याने वर्षात जितक्या वेळा "कसे आहात?" विचारलं नव्हतं, तितक्या वेळा ते एका दुपारी विचारलं गेलं. त्यात एक मुलगी फार अदबीने बोले.

"सर, गाडी आपण आनंदासाठी वापरता की कामासाठी?"

भाऊंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"सर, आहात ना लाइनवर?"

"बायकोला कामावर सोडतो."

"मग काम लिहिते."

"काम तिचं आहे."

"मग आपला आनंद लिहू का, सर?"

"विचारून सांगतो," भाऊ म्हणाले. (कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. तो रकाना मोकळा राहिल्यामुळे त्या कंपनीचा दर बाद झाला.)

दुसरी पायरी बँकेची. बँकेत मोटरसायकलचा विमा मिळतो, परंतु तो घेण्यासाठी आधी आयुष्याचा घ्यावा लागतो आणि आयुष्याचा घेतल्यास एक भिंतीवरचं घड्याळ मिळतं. तिसरी पायरी सहकाऱ्यांची. कचेरीत केलेल्या अनौपचारिक पाहणीत असं आढळलं की शंभरातल्या नव्वदांना आपण सर्वांत स्वस्त विमा घेतला अशी खात्री होती, उरलेल्या दहांना विमा काढायचा राहून गेल्याचं त्याच वेळी आठवलं, आणि कुणीही आपला हप्ता सांगायला तयार नव्हता.

या सर्व चौकशीत एक शास्त्रीय अडचण होती. प्रत्येक कंपनीचा दर ठरावीक दिवसच टिके. भाऊ शेवटच्या कंपनीपर्यंत पोचत तोवर पहिलीचा दर शिळा झालेला असे. मग पहिलीकडे पुन्हा जावं लागे आणि पहिलीचा ताजा करेपर्यंत दुसरीचा विटे. एखादी बाई लांब गच्चीवर कपडे वाळत घालते, आणि शेवटचा घालून वळते तो पहिला पावसात भिजलेला, तशी भाऊंची गत झाली. पण त्यांनी धीर सोडला नाही. ज्याला हप्ता वाचवायचा आहे त्याने दिवस मोजू नयेत. (बसच्या तिकिटांचा खर्च हप्त्यातल्या फरकाच्या पुढे कधीच निघून गेला होता. तो खर्च प्रवास या सदरात मोडत असल्याने विमा या सदराशी त्याचा संबंध नव्हता.)

घरात मात्र सकाळ मुकी झाली. वहिनी भाकरीचा डबा पिशवीत टाकून गल्लीतल्या शिंपीणबाईंबरोबर बसथांब्याकडे जात. भाऊ उंबऱ्यात उभे राहत. सांगण्यासारखं त्यांच्याकडे खूप साठलेलं असे, घशापर्यंत भरलेलं; पण ते बोलायला पाठ लागे, वारा लागे, पायाखाली इंजिनाची घरघर लागे. उंबरा बोलायला सोयीचा नव्हता.

"येते," वहिनी म्हणत.

"हो," भाऊ म्हणत.

भाऊंची थोरली बहीण आक्का त्यांच्याकडेच राहत असे. तिचे गुडघे दुखत, त्यामुळे बाकी सगळा जोर जिभेत आलेला. ती बाजेवरून म्हणाली, "काय रे, तुझं लग्न ठरवताना एवढी स्थळं बघितली असती तर अजून मुंडावळ्या बांधून फिरला असतास."

"आक्का, स्वस्त म्हणजे वाईट नव्हे."

"मी कुठं वाईट म्हणाले? तुझी बायको मीच पहिल्या फटक्यात पसंत केली. तू बसला होतास चहाच्या कपात बघत."

वहिनी आतून म्हणाल्या, "वन्सं, कपच बघून हो म्हणाले असतील."

यावर भाऊंकडे उत्तर होतं. पण ते गाडीवर द्यायचं होतं.

चौथी आणि शेवटची पायरी लॅमिनेशनवाल्याची. चौकात त्याचं एक टेबलाएवढं दुकान होतं. तिथे झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्जाचे फोटो आणि विमा ही चार कामं एकाच टेबलावर होत. एका हाताने तो ओळखपत्रावर प्लास्टिक चढवत असे आणि दुसऱ्या हाताने माणसावर. पण विम्याचं मर्म कंपन्यांना कळलं नव्हतं ते त्याला कळलं होतं.

"भाऊ, स्वस्त पाहिजे ना? मग काय काय पाहिजे ते सांगू नका. काय काय नको ते सांगा."

भाऊंना हे एकदम पटलं. हप्ता म्हणजे संकटांची बेरीज. तर एकेक संकट वजा करत गेलं पाहिजे. आग नको, कारण भाऊ विडी ओढत नाहीत. पूर नको, कारण घर चढावर आहे. भाऊंच्या नकाशानुसार त्यांच्या गल्लीखाली फुटण्यासारखा नळही नव्हता, म्हणून तेही संकट गेलं. दगडफेक नको, एवढ्या जुन्या गाडीवर कोण दगड वाया घालवणार? चोरीपाशी लॅमिनेशनवाला थांबला.

"गाडी रात्री कुठे असते?"

"दाराशी."

"आत घ्या. कुलपात असली की चोरीचं निम्मं जातं."

त्या संध्याकाळी गाडी बैठकीच्या खोलीत आली. सोफा भिंतीला सरकला, टीपॉय माळ्यावर गेला आणि मोटरसायकल खोलीच्या मधोमध पाहुणीसारखी उभी राहिली. पहिल्या आठवड्यात सगळे तिला वळसा घालत. दुसऱ्या आठवड्यात आक्काने हँडलला जपमाळ अडकवली, आरशात बघून वहिनी केस विंचरू लागल्या, आणि शेजारच्या बाई साखर मागायला आल्या तेव्हा बसायला सांगण्याआधीच मागच्या सीटवर टेकल्या. गाडी इतकी सुरक्षित यापूर्वी कधीच नव्हती. न हलणाऱ्या गाडीला अपघात होत नाही, हा सिद्धांत भाऊंनी त्या काळात स्वतंत्रपणे शोधून काढला. आणि तो विमा कंपन्यांनाही मान्य असल्याचं कळल्यावर त्यांना क्षणभर वाटलं की या शोधाचा शेवट गाडी विकण्यात आहे, कारण नसलेल्या गाडीचा हप्ता शून्य येतो. पण मग सकाळची फेरी कशावर करायची, या एका क्षुल्लक मुद्द्यावर ते अडले.

"आता काय राहिलं?" त्यांनी लॅमिनेशनवाल्याला विचारलं.

त्याने कागद उलटसुलट केला. "सगळं काढलं की. एकच राहिलंय. मागची सीट."

"तिचं काय?"

"मागे कुणी बसतं?"

"बसते."

"मग तिचा वेगळा हप्ता लागतो. मागे बसणारी व्यक्ती म्हणून. ती काढा, भाऊ. सीट उतरवा, सिंगल सीट झाली असा फोटो द्या मला. दोनच नट असतात. यापेक्षा खालचा दर तुम्हाला उभ्या जगात मिळणार नाही, मी लिहून देतो. लॅमिनेशन करून देतो."

"आणि ती?"

"कोण?"

"मागे बसते ती."

"वहिनी बसने जातात की हल्ली. मी बघतो ना रोज. चांगल्या हसत खेळत जातात."

भाऊ घरी आले. ज्या क्षणासाठी त्यांनी इतकी पायपीट केली होती तो क्षण हातात पान्याच्या रूपाने होता. रविवारची दुपार होती. वहिनी गच्चीवर होत्या. आक्का बाजेवर पडून भावाकडे बघत होती.

"आता चाकंही काढ," ती म्हणाली. "बिनचाकांची अजून स्वस्त पडेल."

भाऊ खाली बसले. मागच्या सीटचं काळं रेक्झिन मऊ पडलेलं, मधे हलकासा खळगा. जिथे वहिनी बसत तिथे बसल्याची खूण, पाऊलवाटेवर असते तशी. एका कडेला पिशवीच्या बकलाने घासून घासून पांढरा चरा उठलेला. भाऊंनी पाना लावला. पहिला नट एका झटक्यात सैल झाला. इतका सहज, की त्यांनाच धक्का बसला. सीट किंचित हलली. त्यांनी हात मागे घेतला.

सर्वांत स्वस्त दर दोन नटांवर आला होता, आणि दोन नटांपलीकडे एक माणूस गाडीवर एकटा बसला होता, पुढे रस्ता, मागे कुणी नाही, पुलावरून, भट्टीवरून, झाडांच्या सावल्यांमधून, तोंड मिटून. तो त्या सकाळच्या वाटेवर कुणाशी बोलणार होता? भाऊंना ते चित्र नळाच्या नकाशासारखं स्वच्छ दिसलं.

त्यांनी नट परत आवळला. आवश्यकतेपेक्षा जास्त आवळला.

मग ते तडक चौकात गेले आणि म्हणाले, "सगळं घाल. आग, पूर, चोरी. मागे बसणारी व्यक्ती सगळ्यात आधी घाल."

लॅमिनेशनवाल्याने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "भाऊ, बरं वाटतंय ना? हा सगळ्यात महाग आहे. दुसरीकडे विचारून तरी या."

"नको," भाऊ म्हणाले. अजून एक दुकान बघायला त्यांच्या घराण्यात प्रथमच कुणी नकार दिला.

सोमवारी सकाळी गाडी बैठकीतून बाहेर निघाली. आक्काने जपमाळ काढून घेतली. भाऊंनी आरसे पुसले, किक मारली. गाडी आधी रुसली, मग खोकली, मग बोलू लागली. भाऊंच्या घशातही महिन्यांचं साठलेलं वर आलं. वहिनी पिशवी घेऊन पायऱ्या उतरल्या. भाऊंनी गाडी बंद केली, खिशातून कडक प्लास्टिकमधली पॉलिसी काढली आणि बोट ठेवून एक ओळ दाखवली.

वहिनींनी ती वाचली. पुन्हा वाचली. "महाग पडली असेल."

"पडली."

"इतके दिवस फिरून शेवटी महाग घेतलीत?"

"बस," भाऊ म्हणाले. "उशीर होईल."

वहिनी बसल्या नाहीत. सीटवरून त्यांनी हात फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"अहो, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग."

"मी बसनेच जाते."

भाऊ रस्त्याकडे बघू लागले.

"तसं नाही हो. बसा जरा." त्या स्वतःच पायरीवर टेकल्या. "गाडीवर तुम्ही बोलता ना, त्यातलं मला काही ऐकू येत नाही."

"हेल्मेटमुळे असेल. नवी येतात कान मोकळे असलेली. चौकशी करतो मी."

"हेल्मेट नव्हती तेव्हाही नाही यायचं. पहिल्या दिवसापासून नाही. तुमचं तोंड पुढे, वारा माझ्याकडे, खालून ते इंजिन. एक अक्षर नाही."

"तू उत्तर द्यायचीस."

"तुमची मान हलली की हं म्हणायचे. चढावर दोनदा. इतक्या हौसेनं बोलायचात, मला मोडवेना. म्हटलं आज सांगू, उद्या सांगू, आणि मग इतकी वर्षं झाली की सांगायची लाज वाटायला लागली. परवा थांब्यावर विषय निघाला. शिंपीणबाई तेच करतात. शाळेतल्या बाई तेच करतात. चष्म्याच्या दुकानातली ती नवी, लग्नाला वर्ष नाही झालं, ती पण." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "बसमधे दोघांची सीट असते. बाजूबाजूची. तुमची कचेरी पुढच्याच थांब्यावर आहे. मी रोज जागा धरते, मग शिंपीणबाई बसतात."

(या ठिकाणी काही वाचक मनाशी म्हणतील की आमच्याकडे असं नाही, आमचं सगळं मागे पोचतं. पुरावा म्हणून ते सांगतील की मागून उत्तर येतं. भाऊंकडेही हाच पुरावा होता. ज्यांना खात्री करून घ्यायची आहे त्यांनी कालचं काय ऐकलंस असं आज संध्याकाळी समोर बसून विचारावं. आणि ज्या मागे बसतात त्यांनी हे पान उघडं ठेवून आत जाऊ नये.)

भाऊंनी पॉलिसीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. आग होती, पूर होता, चोरी होती. हे नव्हतं.

"पण ते बढतीचं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी वहिनींच्या डोळ्यांकडे बघत वाक्य पूर्ण केलं. "लांबच्या गावी मोठी जागा देत होते मला. मी तुला पुलावर विचारलं होतं. म्हटलं, नको ना जायला, तुझा दवाखाना सुटेल. तू हं म्हणालीस. म्हणून मी नाही म्हणून कळवलं."

वहिनींनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारताय, नीट बसलीस का."